गावाने गोमाला दिलेला नारळ

मंडळी, बायांनो, अध्यक्ष म्हणून बसलेले गुरुजी, आणि मुंबईहून एवढ्या उन्हातान्हाचे आलेले नाना,

सगळ्यात आधी माफी मागतो. फार उशीर झाला. गोमा शिमग्यानंतर गेला आणि आता वैशाख लागला. मुंबईत त्याची शोकसभा केव्हाच झाली. थेटरात झाली म्हणे. रेडिओवाले आले, नाटकवाले आले. आणि ज्या वाळूत त्याची नाळ पुरली, त्या गावाची सभा आज होते आहे. कोणी म्हणेल, होड्या दर्यावर होत्या, माणसं कामात होती. खोटं आहे ते. उशीर झाला, कारण आधी कोणी बोलायचं हेच ठरत नव्हतं. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते. मग हळूहळू सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. बरोबरच आहे. त्या दिवशीही पहिला मीच होतो.

नाना, तुम्ही मला ओळखत नाही म्हणून सांगतो. मी बुधा तांडेल. तांडेल म्हणजे होडीचं सुकाणू धरणारा. गोमाच्या घराला लागून माझं घर. मला चार माणसांत बोलायची सवय नाही. शाळा मराठी तिसरीपर्यंत, तीसुद्धा भरती-ओहोटी बघून. काल गुरुजी घरी आले आणि म्हणाले, "बुधाकाका, सोपं असतं हो. आधी त्याचं मोठेपण सांगा, मग एखादी आठवण, मग शांतता." मी म्हटलं, "गुरुजी, मोठेपण सांगायला गेलो तर आठवण आडवी येते, आणि आठवण सांगितली तर शांतता कुठली मिळायला!" तेव्हा मागचं पुढं झालं तर संभाळून घ्या.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून टाकतो, नाहीतर राहून जाईल. नाना उद्या दिघीहून आगबोटीने परत निघणार. त्यांच्याबरोबर एक निरोप धाडायचा आहे. गोमाच्या अस्थी त्याच्या बहिणीपाशी आहेत, आपल्या हिराबायपाशी. ती मुंबईला लेकीकडे आहे. तिच्या घराला तेव्हापासून कडी आहे, ती तुम्ही जातायेता बघता. अस्थी हरिहरेश्वराला न्यायच्या आहेत, एवढं ती नानांना बोलली. कोणाच्या होडीतून, ते बोलली नाही. मंडळी, माझं सगळं बोलणं त्या एका गोष्टीसाठी आहे. पण निरोप देण्याआधी जे झालं ते गावासमोर कबूल केलं पाहिजे. नाहीतर कुठल्या तोंडाने देऊ?

तर गोमा.

गोमा कोळ्याचा पोर आणि त्याला बोट लागायची. हसताय? हसा. तो असता तर म्हणाला असता, हसले म्हणजे जागे आहेत. त्याला पहिल्यांदा दर्यावर मीच नेलं. खाडीच्या तोंडाशी पहिली लाट आली आणि पोरगा होडीच्या काठावर ओणवा झाला. सकाळची भाकर गेली, रात्रीचा भात गेला. कोळ्याच्या घरात ही लाजेची गोष्ट. तो तोंड पुसून उभा राहिला, दर्याला हात जोडले आणि म्हणाला, "घे बाबा, तुझीच मासळी व्हती. तुला परत केली."

आम्ही एवढे हसलो की जाळ्याची दोरी माझ्या हातातून सुटली. त्याचा बाप होडीतच कपाळाला हात लावून बसला होता. मी त्याला म्हटलं, "अरे, ह्याला काठावरच ठेव. हा होडीत असला तर मासळी हसत हसत पळून जाईल." माझं ते बोलणं गावाने उचललं. पोराला मासळी सुकवायच्या कामाला लावलं, बायकांबरोबर. कोळ्याच्या तरण्या पोराला खळ्यावर बायकांबरोबर बसवणं म्हणजे काय, ते तुम्हांला सांगायला नको. पण तो तिथंही बसला आणि बायकांना हसवू लागला. खोताची नक्कल, भटजींची नक्कल, माझी नक्कल. मी सुकाणू धरतो तेव्हा दात खातो म्हणे. मला ठाऊकच नव्हतं. त्याने करून दाखवलं तेव्हा आमची घरधनीण पदर तोंडात कोंबून म्हणाली, "अगो बाय, ह्ये तर आमचंच!"

आता नानांसाठी आमच्या शिमग्याची रीत सांगतो. धुळवडीच्या दुपारी आमच्या कोळीवाड्यात सोंगं निघतात. कोणी गोसावी होतो, कोणी फौजदार, कोणी बाळंतीण. ढोल पुढे, सोंग मागे. सोंग दाराशी येऊन काहीतरी मागतं. घरधनी नाही म्हणतो, तोही गमतीने म्हणतो. मागणाऱ्याने अगदी खरं वाटेल असं मागायचं, आणि नाही म्हणणाऱ्याने त्याहून तिखट उत्तर द्यायचं. लोक दोघांना हसतात. आणि एक नेम आहे. सोंगाला नावाने हाक मारायची नाही. सख्खा भाऊ असला तरी नाही. तोंडाला राख फासलेली आहे तोवर तो तुमचा कोणी नाही. जो सोंगाचं नाव घेईल त्याने सोंग मोडलं, वर्षाचा सण मोडला. आमचे वाडवडील हा नेम पाळत आले. आम्हीही पाळला. फार चोख पाळला.

स्वराज्य आलं त्याच्या पुढच्या शिमग्याला गोमाने पहिलं सोंग काढलं. राखबिख काही नाही. अंगावर घोंगडी, हातात काठी, पाठीत वाकलेला, खोकत खोकत एक परगावचा म्हातारा माझ्या ओट्याशी आला. ढोलाबरोबर नाही, ढोलाच्या आधी आला. मला म्हणाला, "तांडेल, लांबून आलो. जरा हंतरून टाका." मला खरंच वाटलं! मी दया येऊन आत गेलो, माझी स्वतःची गोधडी आणली, ओट्यावर अंथरली, उशाला चादरीची घडी ठेवली, घरात ओरडलो, "अगो, पेज आन जरा." आणि म्हातारा गोधडीवर चढला आणि ढोलावर नाचायला लागला. सगळा वाडा माडांच्या मागे दबा धरून बसला होता.

मंडळी, ते तुम्ही कधी विसरलात? इतकी वर्षं झाली, मी कुठं लग्नाला गेलो की कोणीतरी म्हणणारच, "तांडेल, हंतरून टाका." बाजारात म्हणायचे. माझी सून घरात आली, तिला आठवड्याच्या आत कोणीतरी सांगितलं. मी वरून हसायचो. आत लागायचं. मी असा आहे, मला छोटी गोष्ट लागते आणि राहते. मी मनाशी म्हणायचो, एकदा फसलो, पुन्हा नाही.

त्या सोंगाला गावाने नारळ दिला. उत्तम सोंगाला देवळातला नारळ द्यायचा, ही आमची पदवी. त्यानंतर वर्षाच्या आत तो मुंबईला गेला.

पुढचं मोठेपण माझ्यापेक्षा नाना जास्त जाणतात. ते त्याच्या नाटकांत पेटी वाजवत. आधी गिरण्यांच्या चाळींतल्या गणपतींपुढे नकला, मग लोकनाट्यात शिपाई, मग थेटरात. आणि मग रेडिओ. ग्रामपंचायतीत सरकारी रेडिओ आला तेव्हा आपण सगळे अंगणात बसून होतो. आतून शीळ आल्यासारखा आवाज आला, आणि मग एकदम, "मी नाखवा! मी दर्याला भीत न्हाय. दर्या मला भितो, म्हनून मी लांब र्‍हातो!" आठवतं? बायका उठून उभ्या राहिल्या. कोणीतरी रेडिओच्या मागे जाऊन बघून आलं. ज्याला होडीत पाय ठेवला की ओकारी यायची, तो मुंबईच्या रेडिओत नाखवा झाला होता. आपलीच बोली, आपलंच खळं, माझं दात खाणंसुद्धा त्यात आलं.

मग त्याचं नाव सगळीकडे झालं. तळे गावाला त्याचा खेळ लागला होता तेव्हा मी चालत गेलो. कनातीच्या दोऱ्या तुटल्या एवढी माणसं. माझ्याशेजारी एक घाटावरचा गाडीवान बसला होता. हसून हसून त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी त्याला म्हटलं, "हा माझ्या शेजारचा आहे." तो म्हणाला, "म्हाताऱ्या, असं म्हणणारा तू आजचा पाचवा." खेळ संपल्यावर मी आत भेटायला गेलो. तोंडाचा रंग पुसत बसला होता. मला बघून उठला आणि पाया पडला. म्हणाला, "काका, गावची मानसं कशी हायत?" मी म्हटलं, "तुझा रेडिओ ऐकतात." तो म्हणाला, "आता म्हने दिल्लीला असा रेडिओ आलाय, त्यात मानूस दिसतो. मुंबईला आला की गावाला माझं तोंड तरी दिसंल." मी म्हटलं, "तुझं तोंड बघायचंय कोणाला? आवाज बास आहे." तो हसला. मीही हसलो. त्या हसण्याचं मला काही वाटलं नाही. आता वाटतं.

कारण खरंच, मंडळी, आपल्याला त्याचा आवाज पुरला. दर आठवड्याला यायचा, हसवायचा, जायचा. आपल्यापैकी कोणी मुंबईला गेला तर त्याच्या बिऱ्हाडी जायचा. कशाला? पोराला कामाला लाव म्हणून. नाटकाला पुढची जागा दे म्हणून. मीही गेलो होतो, जावयासाठी. त्याने केलं. चहा दिला, पाव दिला, खोकत खोकत दिला. मी विचारलं का, खोकला कसला म्हणून? नाही विचारलं. मला वाटलं नक्कल करतो.

आता त्या दिवसाचं.

धुळवडीची दुपार होती. ढोल निघाला होता, सोंगं तयार होत होती. माझ्या ओट्यावर आठदहा माणसं बसली होती. वाड्याच्या तोंडाला एक माणूस दिसला. एवढ्या उन्हाचा अंगावर कांबळी घेतलेला. गळ्याला मफलर. हातात कापडाची पिशवी. दाढी वाढलेली, गाल आत गेलेले. माडाला हात लावून उभा राहायचा, परत चालायचा. कोणीतरी म्हणालं, "गोमा हाय रं!" लगेच दुसऱ्याने त्याच्या तोंडावर हात ठेवला. "नाव घेऊ नको. सोंगात हाय."

मंडळी, आपल्याला काय आनंद झाला त्या वेळी! मुंबईचा एवढा मोठा नट, आपल्या शिमग्याला आला, आणि सोंग घेऊन आला. तेच सोंग. म्हातारा! आणि कसं हुबेहूब. लोक पळत आले. ढोल माझ्या अंगणात आला. गोमाच्या घराला कुलूप होतं, हिराबाय बाजाराला गेली होती. तो माझ्या ओट्याशी आला, खांबाला धरलं आणि म्हणाला, "काका, जरा हंतरून टाका. पाय न्हाय र्‍हात."

सगळा वाडा हसून फुटला. मी मिशीला पीळ दिला. इतकी वर्षं ज्याची वाट बघत होतो ते आलं होतं. मी म्हटलं, "हंतरून परटाला दिलंय, पाव्हनं, आन् परीट पळून गेला. फुडल्या घरी बघा."

लोकांनी टाळ्या दिल्या. तो कसनुसं हसला. म्हणाला, "काका, खरंच सांगतो."

मी म्हटलं, "खरं सांगनारी सोंगं लई बघितली. एक तर माझ्या गोधडीवर नाचून गेलं."

आमची घरधनीण दारात होती. ती माझ्या कानाशी आली. "अवो, डोळं बघा त्याचं. ताप असल्यागत लाल हायत."

मी तिला म्हटलं, "गप. फसशील."

ती आत गेली. ती माझं ऐकते. त्या दिवशी ऐकायला नको होतं.

मग कोणीतरी ओरडलं, "नाखवा, आवाज काढा!" सगळे ओरडायला लागले. रेडिओतला आवाज काढा. आणि त्याने काढला, मंडळी. इथंच मला रात्रंदिवस खटकतं. त्याने नाही म्हटलं असतं तर? ओट्यावर कोसळला असता तर? पण समोर माणसं हसायला लागली की गोमाला थांबता येत नसे. त्याने खांब सोडला, पाठ ताठ केली आणि म्हणाला, "मी दर्याला भीत न्हाय..." आणि मधेच खोकला आला. लांब खोकला. आपल्याला वाटलं, नवीन जोडलंय. आपण खोकल्याला हसलो. मी सगळ्यात मोठ्याने हसलो.

मी देवळातून नारळ आणवला आणि त्याच्या हातावर ठेवला. उत्तम सोंगाचा नारळ. त्याचा हात खाली गेला आणि नारळ पडला, घरंगळत गेला. त्यालाही आपण हसलो. त्याने वाकून तो उचलला. किती वेळ लागला उचलायला. उचलून पिशवीत घातला आणि पुढच्या घरी गेला.

पुढच्या घरी काय झालं ते ज्याने त्याने आठवावं. मी नावं घेणार नाही. कोणी म्हणालं, आमची म्हातारी झोपलीय त्या जागेवर. कोणी म्हणालं, रेडिओत जाऊन झोप. एकाहून एक उत्तरं दिली गावाने. ज्या घरी गेला त्या घरी त्याने एकच मागितलं, अंथरूण. आणि ज्या घरी गेला त्या घराने हसून सांगितलं, जागा नाही. मी पहिला बोललो म्हणून सगळे बोलले. तांडेल हसतोय म्हणजे सोंगच आहे, असं प्रत्येकाला वाटलं. मी होडी जिकडे वळवली तिकडे सगळं गाव आलं.

वाडा संपला. किनाऱ्यावर दुरुस्तीला ओढलेली एक होडी होती. तिच्या सावलीत तो बसला. आपण लांबून बघत होतो. कोणी म्हणालं, "बघा कसा पडलाय! अजून सोडत न्हाय सोंग."

आणि हिराबाय आली. ती श्रीवर्धनच्या बाजारातून मासळी विकून परत येत होती. तिला काहीच ठाऊक नव्हतं. ना ढोल, ना सोंग. तिने माणूस पडलेला बघितला, पाटी वाळूत टाकली, त्याच्या कपाळाला हात लावला आणि ओरडली, "गोमा! अरे गोमा!"

आणि मी काय केलं, सांगू? मी इकडून हात वर करून ओरडलो, "हिरा! सोंगाचं नाव घेऊ नको!"

ती वळली. तिचं तोंड मी कधी विसरणार नाही. म्हणाली, "बुधादादा, तुमी तरी मानूस हाव का सोंग?"

ढोल तेव्हा थांबला.

माझी होडी पाण्यावर होती. मी धावत जाऊन म्हटलं, "हिरा, खाडीतून दिघीला नेतो, लगेच नेतो." तिने नाही म्हणून मान हलवली. वरच्या वाडीतून बैलगाडी आणवली. परक्याच्या गाडीत चालेल, पण कोळ्याच्या होडीत नको. गाडीत गवत घातलं, त्यावर त्याला ठेवलं. अंथरूण द्यायला आता सगळी घरं धावली. गोधड्या आल्या, चादरी आल्या, माझी बायको उशी घेऊन आली. हिराबायने एकही घेतली नाही. घरातून स्वतःचं लुगडं आणलं आणि त्याच्या अंगावर घातलं. ती गाडी दिघीच्या वाटेने गेली. दुसऱ्या दिवशी आगबोटीने मुंबई. मग निरोप आला तो तुम्हांला ठाऊक आहे.

मी आज पहाटे नानांना देवळाच्या पायरीवर गाठलं. त्यांना म्हटलं, "तुम्ही दवाखान्यात त्याच्याजवळ बसत होतात. तो आमच्याबद्दल काही बोलला का?" नाना आधी सांगायला तयार नव्हते. मग म्हणाले, गोमाने तो नारळ उशाशी ठेवला होता. डॉक्टर आले की त्यांना दाखवायचा. म्हणायचा, "मला गावानं नारळ दिला."

मी विचारलं, "हसून म्हणायचा का?"

नाना म्हणाले, "तांडेल, मी त्याच्या मागे एवढी वर्षं पेटी वाजवली. तो केव्हा हसत नव्हता, ते मला कधीच कळलं नाही."

मंडळी, मी काय समजू? त्याला कळलं होतं का, की आम्ही ते सोंग समजलो? कळलं असेल तर त्याने माफ केलं असेल. आपल्या सोंगाला गाव फसलं म्हणून नटाला बरंही वाटलं असेल. की त्याला वाटलं, गावाने ओळखलं आणि तरीही जागा नाही म्हटलं? तो का आला होता, तेही नानांनी सांगितलं. डॉक्टरांनी हवापालट सांगितली होती. तो म्हणाला होता, "गावी जातो. तिथं मला कोनी रंग लावायला सांगत न्हाय." तो राहायला आला होता. पिशवीत औषधाच्या बाटल्या होत्या. आपण बघितली ती पिशवी. आपल्याला वाटलं, सोंगाचं सामान.

माझी बायको म्हणते, तुम्ही एकटे का जळता, सगळं गाव हसलं. खरं आहे. पण गावाला गावाचं बघू दे. मी एकदा फसल्याची लाज उराशी धरून बसलो. मी त्या दिवशी पुन्हा फसलो असतो तर काय झालं असतं? माझी गोधडी मळली असती. लोक आणखी दहा वर्षं हसले असते. एवढंच. त्या हसण्याला भिऊन मी दारात आलेल्या माणसाला पुढचं घर दाखवलं. पुढच्या शिमग्याला कोणी माझ्या ओट्याशी येऊन अंथरूण मागितलं, तर मी टाकीन. सोंग असलं तरी टाकीन. नाचू दे वरती.

आता निरोप. नाना, नीट ऐका, मी दोनदा सांगू शकणार नाही.

हिराबायला सांगा, बुधा तांडेल माफी मागत नाही. मागायचं तोंड नाही. पण अस्थी आणशील त्या आमच्या बंदरावरून ने. परस्पर दुसऱ्या होडीने हरिहरेश्वराला जाऊ नको. माझ्या होडीत बसायचं नसेल तर बसू नको. दुसरी कोणाचीही घे, वाड्यातल्या सगळ्या होड्या धुऊन ठेवल्या आहेत. तुला चालत असेल तर सुकाणू मी धरतो. नसेल चालत तर मी काठावर राहीन, बायकांबरोबर खळ्यावर बसेन. जिथं त्याला बसवलं होतं तिथं बसेन. तिला सांगा, आमच्या घरी ओट्यावर अंथरूण टाकलेलं आहे. तेव्हापासून आहे. ते कोणी उचलत नाही.

आणि लवकर सांगायला सांगा. हे विसरू नका. आज दर्या तळ्यासारखा आहे. पण वारा फिरला आहे, मी सकाळी बघितला. ज्येष्ठ लागला की होड्या वर ओढाव्या लागतील. मग नारळी पुनवेपर्यंत पाण्यात काही उतरत नाही. आणि उसळत्या दर्यात त्याला न्यायचं नाही. का, ते सगळ्यांना ठाऊक आहे. हळू नेऊ आपण. लाट तिरपी घेऊ. त्याला बोट लागते.

गुरुजी म्हणाले होते, शेवटी शांतता मागा. गुरुजी, रागावू नका, मी शांतता मागत नाही. त्या दिवशी एवढी माणसं होती, एवढा गलका होता, आणि त्याच्या नावाच्या बाबतीत सगळं गाव शांत होतं. तेवढी शांतता पुष्कळ झाली. उभे राहा सगळे. बायांनो, तुम्हीही. म्हाताऱ्यांनी हात धरून उभं राहावं. सण नाही, सोंग नाही, नेम नाही. आता त्याला नावाने हाक मारा. दर्याकडे तोंड करून, खाडीपलीकडे जाईल अशी मारा. मी पहिला मारतो. त्या दिवशीही पहिला मीच होतो.

गोमा! अरे गोमा! ये घरात.

नाना, तिचा निरोप लवकर धाडा. आगबोट ज्या दिवशी दिघीला लागते, त्या दिवशी मी धक्क्यावर उभा असेन. होय असलं तरी कळवा, नाही असलं तरी कळवा. पण दर्या शांत आहे तोवर कळवा.